मलकाबाईंचं तारू

मलकाबाई गाडीत बसण्याआधी गाडीखाली बघत. पदर खोचायचा, एक हात बॉनेटवर टेकायचा, वाकायचं आणि गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथली जमीन न्याहाळायची. कुठे ओल दिसली की बोट लावून वास घ्यायचा. पाणी असेल तर रेडिएटर, काळं आणि चिकट असेल तर इंजिनचं तेल, पातळ आणि नाकाला झोंबणारं असेल तर ब्रेकचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंच्या कानातलं पडलंय.

"काही हरवलं का?" मी विचारलं.

"हरवलंय का तेच बघते," त्या म्हणाल्या. "गाडी रात्री मुकाट्याने गळते. सकाळी आपण बघितलं नाही तर मग ती रस्त्यात सांगते, आणि रस्त्यात सांगायची तिची पद्धत फार वाईट आहे."

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मी लग्न होऊन चोंढीला आले होते. यजमान मुंबईला नोकरीत. सुट्टी मिळाली की रेवसच्या लाँचीने यायचे. घरी सासूबाई, मामंजी आणि नारळ-सुपारीची वाडी. अलिबागच्या हायस्कुलात मला मराठी शिकवायची नोकरी मिळाली, पण रोज जायचं-यायचं कसं हा प्रश्न होता. बस होती, पण ती येईल तेव्हा खरी. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "मलकाबाईंच्या गाडीतून जाणार असशील तर जा."

मलकाबाई नवगावकर किहीमच्या. त्या बेने इस्रायल, म्हणजे आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या यहुदी समाजातल्या. घरात बोलायचे ते आमच्यासारखंच मराठी, साडी आमच्यासारखीच, फक्त पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवार पाळायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मलकाबाईंनी लग्न केलं नव्हतं. युद्ध चालू असताना त्या सैन्याच्या स्त्रियांच्या दलात भरती झाल्या आणि तिथे मोठ्या गाड्या चालवायला आणि खोलून परत जोडायला शिकल्या. युद्ध संपल्यावर घरी आल्या, बी.ए. पुरं केलं आणि आमच्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवू लागल्या. उंच बांधा, रुंद मनगटं, आणि चालणं असं की समोरचा आपण होऊन बाजूला व्हावा.

गाडी लष्कराने लिलावात काढलेली होती. अमेरिकन बनावटीची, चौकोनी, पुढे भलंमोठं नाक, मागे दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. बाईंनी ती मुंबईच्या एका कंत्राटदाराकडून घेतली आणि पनवेल-पेणच्या रस्त्याने स्वतः चालवत आणली. थळच्या कोळ्यांनी ती येताना पाहिली आणि तिचं नाव ठेवलं 'तारू', म्हणजे मोठं गलबत. मलकाबाईंचं तारू. पुढे शाळेतही सगळे तेच म्हणू लागले, आणि बाई स्वतःसुद्धा.

तारवाचं स्टीअरिंग डाव्या हाताला होतं. म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे, उजवीकडे, मी बसायची. रस्त्यावरची माणसं सवयीने उजवीकडे बघत आणि मलाच नमस्कार करत. चोंढीत महिनाभर अशी बोलवा होती की राऊतांची सून लष्करी गाडी चालवते. सासूबाईंनी ती खोडून काढली नाही. मला वाटतं त्यांना ती आवडली होती.

पण त्या जागेचं एक काम होतं. समोर बैलगाडी असली की बाईंना डावीकडून पुढचं काही दिसत नसे. मग त्या विचारत, "राऊतबाई, मोकळं?" आणि मी मान बाहेर काढून बघून "मोकळं" म्हटलं की त्या क्षणाचाही विचार न करता गाडी पुढे काढत. पहिल्या दिवशी मी दोन्ही हातांनी दार धरून बसले. मी म्हटलं, "माझ्या सांगण्यावर एवढा भरवसा ठेवू नका हो."

"मग कुणाच्या सांगण्यावर ठेवू?" त्या म्हणाल्या. "डोळे तुमच्या बाजूला आहेत."

गाडी त्यांनी हौसेसाठी घेतली नव्हती. आमच्या शाळेत मुली होत्या त्या फक्त अलिबाग गावातल्या. किहीम, चोंढी, थळ या बाजूच्या मुली चौथी झाल्या की घरी बसत. रस्ता लांबचा, बसमध्ये कोण कसं असेल सांगता येत नाही, पोरगी शिकून करणार काय, ही सगळी कारणं बाईंनी घरोघर बसून ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "शिकून काय करणार ते पुढे बघू. आधी रस्त्याचं बोला. रस्ता माझ्याकडे लागला." पहिल्या वर्षी मुली मोजक्या होत्या, दुसऱ्या वर्षी बाकं भरली. भाडं असं ठरलेलं नव्हतं. कुणी पैसे देई, कुणी नारळ, कुणी तांदूळ. कोळीवाड्यातून मासे येत, आणि त्यातही कोळणी लक्षात ठेवून फक्त खवल्यांचा मासा पाठवत. कोलंबी, शिंगाळा यहुद्यांना चालत नाही, हे थळमध्ये बाईंच्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी तारू हलत नसे. त्या दिवशी शाळा अर्धी असायची, हेडमास्तरांनी बाईंना मोकळीक दिली होती आणि गाडीतल्या मुलीही घरी राहत. मग शनिवारचा बुडालेला अभ्यास बाई सोमवारी गाडी चालवता चालवता घेत. मागे बाकांवर मुली, पुढे इंजिनची घरघर, आणि त्यावरून बाईंचा आवाज, "व्याज कशावर काढायचं? मुद्दलावर. मोठ्याने." पायी जाणारी माणसं थबकून बघत.

गाडीचं दुखणं मात्र रोज नवीन असे. इंजिन तापायचं, मग झाडाखाली थांबून, झाकण फडक्याने धरून हळूच उघडायचं आणि थंड व्हायची वाट बघायची. बाई घाई करू देत नसत. "तापलेल्या माणसाला लगेच समजवायला जाऊ नये, तसंच हे," म्हणायच्या. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज धरला होता, त्याची लाल कणी कार्बुरेटरमध्ये अडकायची आणि गाडी आचके देत थांबायची. मग तो सोडवायचा, तोंडाने फुंकायचा, परत बसवायचा. स्टीअरिंग इतकं ढिलं होतं की थोडं फिरवलं तरी चाकांना पत्ता लागत नसे. स्प्रिंगचे पाटे तुटायचे, बॅटरी पावसाळ्यात बसायची आणि मग पुढून हँडल मारावं लागायचं. हँडल मारताना अंगठा कसा ठेवायचा हे त्यांनी मलाही शिकवलं. उलट फटका बसला तर मनगट जातं. आणि या सगळ्याच्या वर होता समुद्राचा वारा. तो न दिसता लोखंड खात राहायचा. सुटे भाग मुंबईहून यायचे. यजमान येताना पिशवीतून कधी रबरी पाइप, कधी बेअरिंग आणत. एकदा सासूबाईंनी हौसेने पिशवी उघडली तर आत ग्रीस माखलेली पितळी चकती. त्या दिवसापासून यजमानांच्या पिशवीला त्यांनी हात लावला नाही.

पगार झाला की मलकाबाई घरखर्चाआधी गाडीचे पैसे बाजूला काढत. त्यांची आई कुरकुरायची, "आधी माणसांचं बघ." बाई शांतपणे म्हणायच्या, "आई, गाडी घेतली तेव्हा मी पैसे एकदा दिले. ती ठेवायचे पैसे मला रोज द्यायचे आहेत. लोक पहिला आकडा बघतात आणि फसतात."

या लोकांमध्ये आमचे मामंजीही येणार होते. बाईंचा रुबाब बघून त्यांच्याही मनात जुनी गाडी घ्यायचं आलं. वाडीतला माल रेवसला न्यायला होईल, हे त्यांचं कारण. खरं कारण अलिबागच्या कचेरीसमोर गाडीतून उतरण्याचं असावं. अलिबागला एका व्यापाऱ्याकडे तारवासारखीच एक मोठी गाडी विकायला होती. मामंजींनी मलकाबाईंना बरोबर घेतलं, मीही गेले.

गाडी बाहेरून झकास होती. हिरवा रंग चकाकत होता. व्यापारी इंजिन सुरू करून तयारच उभा होता. मलकाबाईंनी त्याला पहिल्यांदा इंजिन बंद करायला सांगितलं. म्हणाल्या, "तापलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. मला गार झाल्यावर बघायचंय." तोवर त्यांनी चहा घेतला. मग रेडिएटरचं झाकण काढलं, बोट आत घालून बाहेर काढलं आणि मामंजींच्या समोर धरलं. बोटावर पाण्याबरोबर तेलाचा तवंग होता, म्हणजे इंजिन आतून गळत होतं. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, ते खडखडलं. टायर एकाच बाजूने झिजलेला दाखवला. शेवटी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरल्या आणि तिथूनच बोलल्या, "मामा, खालीसुद्धा नवा रंग आहे."

"मग चांगलंच की," मामंजी म्हणाले.

"खाली कोण बघणार असतं? तरी रंग दिलाय. म्हणजे काहीतरी झाकायचं होतं." त्यांनी पान्याने टकटक केली आणि रंगासकट गंजाचा पापुद्रा खाली पडला.

व्यापाऱ्याने तो पायाने बाजूला सारला. परत येताना मामंजींनी दोनदा मागे वळून बघितलं. मग म्हणाले, "घेऊच नको म्हणता?"

"घ्या की. माझी काय वेगळी आहे?" बाई म्हणाल्या. "पण मला ती रोज लागते, म्हणून मी तिचं रोज करते. तुम्हाला ती आठवड्यातून एकदा लागणार. सहा दिवस नुसती उभी राहून ती जास्त बिघडेल आणि खायला मात्र तेवढंच मागेल." मामंजींनी गाडी घेतली नाही. त्यांनी वाडीसाठी पाण्याचा पंप घेतला, आणि पुढे पाहुण्यांना तो दाखवताना हा सल्ला मलकाबाईंचा, असं आवर्जून सांगत.

अशा बाईंच्या हातून ती गोष्ट घडली, म्हणून ती सांगितली पाहिजे.

मी नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती, भाद्रपद संपत आला होता. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सगळं अंगण ओलं, त्यामुळे गाडीखाली बघूनही कळण्यासारखं काही नव्हतं. बाई त्या दिवशी जरा घाईत होत्या, कारण सहामाही परीक्षा सुरू व्हायची होती. चोंढीला मी बसले, वाटेत मुली बसत गेल्या. थळमधली एक मुलगी होती, गोमती. धर्मा तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. गोमती मॅट्रिकच्या वर्गात होती आणि कोळीवाड्यातून तिथवर पोचलेली ती पहिलीच मुलगी. आदल्या दिवशी ती चोंढीला मावशीकडे राहिली होती, म्हणून आमच्याबरोबर मागे बसली.

थळच्या अलीकडे एक छोटा उतार आहे आणि खाली ओढ्यावरची मोरी. आम्ही उताराला लागलो तेव्हा मोरीवर पेंढ्याने भरलेली बैलगाडी होती आणि तिच्यामागून पोरं चालली होती. मलकाबाईंनी ब्रेक दाबला. मी त्यांच्या पायाकडे बघत नव्हते, पण त्यांचा गुडघा एकदम खाली गेलेला मला जाणवला. त्यांनी परत दाबला, परत. गाडीचा वेग कमी झाला नाही. त्यांनी गिअर खाली ओढला, इंजिन मोठ्याने ओरडलं, हातब्रेक खेचला, तरी आम्ही पुढे चाललोच होतो.

"राऊतबाई, तुमच्या बाजूला काय आहे?"

"खाजण," मी म्हटलं. "भात आहे. चिखल."

"दगड? माणूस?"

"नाही. कुणी नाही."

त्यांनी स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं. तारू रस्त्यावरून उतरलं, एक मोठा हिसका बसला, आणि मग भातातून घसरत जाऊन निम्म्या चाकांपर्यंत चिखलात रुतून थांबलं. मागे मुली एकमेकींवर पडल्या होत्या. बाई उतरल्या आणि प्रत्येकीचं नाव घेऊन तिला बाहेर काढलं. गोमती उजवा हात डाव्या हातात धरून उभी होती. मनगट सुजत चाललं होतं. बाईंनी एका मुलीकडून लाकडी पट्टी मागून घेतली, माझ्या पदराची किनार फाडून ती मनगटाला बांधली आणि मिळेल त्या बैलगाडीतून तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. मी बाकीच्या मुलींना पायी घरी पोचवलं. ज्याचं शेत होतं त्यानेच बैल जुंपून गाडी बाहेर काढली. नुकसानीचं बोलायला बाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो म्हणाला, "पोरी वाचल्या न्हाय का? भात पुन्हा येतंय."

हाड मोडलं होतं. परीक्षा बुडाली. त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आधी, बाई मला घेऊन थळच्या कोळीवाड्यात गेल्या. धर्मा तांडेल जाळं विणत ओट्यावर बसला होता. त्याची बायको दारातच उभी होती. तिने बाईंना बस म्हटलं नाही.

"ब्रेकच्या तेलाची नळी गंजून फुटली," मलकाबाई म्हणाल्या. "पण ते निमित्त. सकाळी निघतानाच ब्रेक मला पायाखाली मऊ लागला होता. दोनदा दाबला की घट्ट व्हायचा, म्हणून मी निघाले. निघायला नको होतं. चूक गाडीची नाही, माझी आहे."

तांडेलाचे हात थांबले. "तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"पोर मेली असती तं?" बायको म्हणाली.

"मेली असती," बाई म्हणाल्या. "तेच सांगायला आले आहे."

गोमती आत चटईवर पडून ऐकत होती. तांडेल परत विणायला लागला आणि आम्ही निघालो. वाटेत मी म्हटलं, "मऊ लागला होता हे सांगायची काय गरज होती? नळी फुटली एवढं पुरलं असतं."

"नळी फुटली म्हटलं असतं तर त्यांनी नळी बदलल्यावर पोर पाठवली असती," त्या म्हणाल्या. "त्यांना नळीवर नाही, माझ्यावर भरवसा ठेवायचाय. तर मग माझं काय आहे ते त्यांना माहीत नको?"

मुलींचं येणं बंद झालं. फक्त गोमतीच नाही, सगळ्याच. चोंढीतसुद्धा कुजबुज झाली, आणि एका घरी तर मुलीचं लग्नच जमवायला लागले. तारू बाईंच्या अंगणात चाकं काढून दगडांवर चढवलेलं होतं. मी बसने जाऊ लागले, बाईही माझ्याबरोबर बसने येत आणि संध्याकाळी घरी गेल्यावर गाडीखाली शिरत. फुटली होती एकच नळी, पण त्यांनी सगळ्या काढल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "एक गंजली, तर बाकीच्या काय पेढे खात बसल्या होत्या? सगळ्यांनी तोच वारा खाल्लाय." त्या वर्षी त्यांच्या घरावरची कौलं बदलायची होती. ते पैसे तांब्याच्या नळ्यांत गेले. त्यांच्या आईने पुढच्या पावसाळ्यात जिथे गळेल तिथे भांडी मांडली आणि प्रत्येक भांड्यापाशी थांबून लेकीला ऐकू जाईल असं काहीतरी म्हटलं. पण त्याआधी गाडी तयार झाली तेव्हा मलिदा त्यांनीच केला. भिजवलेले पोहे, नारळ, गूळ आणि फळं. एलिया पैगंबराच्या नावाने त्यांच्याकडे करतात तो. मलाही द्रोण दिला आणि म्हणाल्या, "हिचं काही सांगता येत नाही, पण तो तरी बघून घेईल."

मग मलकाबाई परत घरोघर गेल्या. पोरी पाठवा असं त्या कुठेच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी तुम्ही स्वतः या. गाडीत बसा. मी चालवते. नंतर काय ते ठरवा."

रविवारी फार माणसं आली नाहीत. तीन-चार बाप, एक आजोबा, आणि सगळ्यांच्या मागून धर्मा तांडेल, बायको आणि गळ्यात हात बांधलेली गोमती. तांडेलाने कुणाशी न बोलता सदरा काढून बायकोच्या हातात दिला आणि तो गाडीखाली शिरला. बराच वेळ आत होता. खालूनच त्याने विचारलं, "ह्या नल्या परत कवा कुजतील?"

"तांब्याच्या आहेत. गंजणार नाहीत," बाई म्हणाल्या. "पण जोड सैल होतात. दर पावसाळ्यानंतर उघडून बघावे लागतील."

"आनि बगायचं राह्यलं तं?"

"तर गाडी निघणार नाही. मऊ लागला तरी निघणार नाही."

तो बाहेर आला, अंगावरची माती झटकली आणि सगळ्यांना बसा म्हणाला. सगळे बसले. मी माझ्या जागेवर. चोंढी मागे पडली, थळचा उतार आला. तांडेल मागून म्हणाला, "हितं सोर. वेग घेऊ दे तिला."

मलकाबाईंनी गाडी सोडली. उताराने तिला ओढलं, मागे तांडेलाची बायको काहीतरी पुटपुटू लागली, आणि मोरीच्या अलीकडे बाईंनी ब्रेक दाबला. तारू जागच्या जागी थांबलं. आम्ही सगळे पुढे झुकलो आणि मागे आलो.

"परत," तांडेल म्हणाला.

बाईंनी गाडी मागे चढावर घेतली आणि परत तेच केलं. तिसऱ्यांदा तांडेल उतरला. मोरीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला. मी मलकाबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण ओठ घट्ट मिटलेले होते. त्यांनी पेडल आधी दोनदा दाबून बघितलं. मग गाडी सोडली. तांडेल हलला नाही. गाडी त्याच्यापासून चांगली बैलगाडीभर अंतरावर थांबली. तो चालत आला, बॉनेटवर थाप मारली आणि बाईंच्या खिडकीपाशी येऊन म्हणाला, "मी बी एकदा फळी झिरपतेय ह्ये बगून होरी दर्यात घातली व्हती. भाऊ गेला माजा. घरी खरं सांगाया मला जमलं न्हाय." मग मागे गोमतीकडे बघून म्हणाला, "सोमवारी पोर येल."

त्याची बायको मागे बाकावर डोळ्यांना पदर लावून बसली होती. भावाचं हे तिनेही तेव्हाच ऐकलं असावं.

सोमवारी गोमती आली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर बाकं भरली. चोंढीच्या त्या मुलीचं लग्न तिच्या बापाने पुढे ढकललं. गोमती डाव्या हाताने लिहायला शिकली होती. बरं झाल्यावर उजव्या हाताने लिहू लागली तरी आकडे डाव्यानेच काढायची. त्या वर्षी ती मॅट्रिक पास झाली. पुढे मुंबईला जाऊन नर्स झाली. तिच्यामागून थळमधून मुली येत राहिल्या आणि कोळीवाड्यात त्याचं कुणाला नवल वाटेनासं झालं.

तारू आणखी कितीतरी वर्षं चाललं. इंजिन एकदा पूर्ण उघडून नवीन पिस्टन टाकले, तळाचे पत्रे दोनदा बदलले. मग एसटीच्या गाड्या वाढल्या, वेळेवर येऊ लागल्या, आणि मुली टोळीने हसत-खिदळत बसने जायला लागल्या. आता बस सोडून गाडीत बसायला त्यांना लाज वाटायची. मी एकदा मलकाबाईंना विचारलं, वाईट वाटतं का. त्या म्हणाल्या, "वाईट? अहो, मला हेच तर हवं होतं. माझ्याशिवाय जाता आलं पाहिजे."

त्यांच्या समाजातली माणसं एकेक करून इस्रायलला जात होती. भाऊ गेला, चुलते गेले. आई वारल्यावर बाईंनीही जायचं ठरवलं. तारू एका खडीच्या कंत्राटदाराने घेतलं. तो भाव सांगायच्या आत बाईंनी गाडीतलं सगळं त्याला सांगितलं: कुठे झिजलंय, काय या वर्षी जाईल, काय पुढच्या. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "बाई, एवढं ऐकल्यावर मी कमीच देणार."

"द्या," त्या म्हणाल्या. "पण नंतर माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

सामान लाँचीने आधीच मुंबईला गेलं होतं. त्या स्वतः मात्र थळहून होडीने निघाल्या, कारण धर्मा तांडेल ऐकेना. त्याची होडी मासळी घेऊन मुंबईला जातच होती. "लाँचीत कशाला, उलटी व्हते लोकान्ला," एवढंच त्याचं म्हणणं. किनाऱ्यावर शाळेतल्या आणि शाळा संपलेल्या मुली जमल्या होत्या. काही कडेवर मुलं घेऊन. ओहोटी होती. बाईंनी चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि त्या चिखलातून होडीकडे चालू लागल्या. मी त्यांच्याबरोबर पाणी गुडघ्याला लागेपर्यंत गेले.

मी म्हटलं, "तिकडची भाषा येते का तुम्हाला?"

"प्रार्थनेपुरती. देवाशी बोलता येईल, भाजीवाल्याशी नाही." त्या हसल्या. "पहिलीत बसायचंय मला परत. बसेन."

"आणि भीती?"

"आहे की. म्हणून तर आधीपासून शिकतेय. तुम्ही मुलींकडे लक्ष ठेवा, राऊतबाई. एखादी यायची थांबली तर कारण तिच्या घरी जाऊन विचारा. शाळेत बसून कळत नाही."

मी त्यांचा हात धरला. तो खरखरीत होता, नखांच्या कडांना तेलाची काळी रेघ अजून होती. मग त्या होडीत चढल्या. तांडेलाने शीड उभारलं, वारा भरला, होडी हलली. किनाऱ्यावरच्या मुली हाका मारत होत्या. बाईंनी एकदा हात वर केला आणि त्या तांडेलाकडे वळल्या.

त्या त्याला काय विचारत होत्या ते ऐकू येत नव्हतं. तांडेल मान हलवत होता, हाताने शिडाकडे, पाण्याकडे दाखवत होता. मग तो बाजूला सरकला. होडी खडकांच्या पलीकडे खोल पाण्याला लागली तेव्हा सुकाणू मलकाबाईंच्या हातात होतं, आणि धर्मा तांडेल त्यांच्या शेजारी उभा राहून समोर बघत होता.